त्रेसष्ट अंशांचा मासा

आज २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणातील नव्या परिणामाची घोषणा केली. दर वर्षी या दिवशी आपण उपग्रह, दुर्बिणी, कणत्वरक आणि वर्षभरातील मोठ्या बातम्या यांविषयी लिहितो आणि वाचतो. यंदा मात्र मला स्वयंपाकघरातील एका प्रश्नाविषयी लिहायचे आहे. माशाच्या एका तुकड्याचा मध्य ६३ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचलाच पाहिजे, पण त्याच्या फार पुढे जाता कामा नये. आणि त्याच वेळी त्याचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जाऊन तपकिरी, गोड-खारट व तकतकीत झाला पाहिजे. अडीच सेंटिमीटर जाडीच्या एका वस्तूत ही दोन तापमाने एकाच क्षणी कशी साधायची?

हा प्रश्न आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात उभा राहिला. आई-बाबा झाशीला, रेल्वेच्या वस्तीजवळच्या प्रेम नगरात राहतात. बाबांची नोकरी तेथील वॅगन दुरुस्ती कारखान्यात गेली. आई मूळची मालवणची, लग्नानंतर ती बुंदेलखंडात आली आणि तेथलीच झाली. एप्रिलमध्ये तिचे केमोथेरपीचे उपचार सुरू झाले. दुसऱ्या फेरीनंतर तिच्या जिभेवर सतत लोखंडाची चव राहू लागली, आणि तव्यावर मासा पडल्याचा वास आला की ती उठून गच्चीवर जाऊन बसे. ज्या बाईने आयुष्यभर बांगड्याच्या वासावरून त्याचा ताजेपणा सांगितला, तिची ही अवस्था आम्हांला आजारापेक्षाही अनोळखी वाटली. वजन उतरत होते. डॉक्टरांचे म्हणणे सरळ होते: प्रथिने पोटात गेली पाहिजेत, आणि जे काही खाल ते पूर्ण शिजलेले असले पाहिजे. डाळ, अंडी, पनीर यांना ती कंटाळली होती. एका संध्याकाळी तीच म्हणाली, "मासा खाईन, पण तळलेला नको, काट्यांचा नको, आणि वास नको."

या तीन अटींमध्ये झाशीच्या बाजारातला रोहू बसत नाही. त्याच्या मांसात अडकलेले बारीक काटे निवडण्याइतकी शक्ती आईच्या बोटांत नव्हती. ताईने दिल्लीहून सुचवले, "सॅल्मन आणू का? काटे काढलेले तुकडे मिळतात." आईने प्रथम विचारले ते असे: "सॅल्मन म्हणजे आपला रावसच ना?"

तसे नाही. आपल्याकडे इंग्रजीत रावसाला 'भारतीय सॅल्मन' म्हणण्याची प्रथा आहे, पण ती केवळ नावापुरती. रावसाचे शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'चार बोटांचा', कारण त्याच्या छातीच्या पराखाली सुटे दोऱ्यासारखे चार तंतू असतात. तो उष्ण किनारी समुद्रातला मासा. सॅल्मनचे कूळ वेगळे, पाणी वेगळे. तो थंड नदीत जन्मतो, थंड समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततो. नॉर्वेने १९७० च्या सुमारास तो समुद्रातील जाळ्यांमध्ये वाढवायला सुरुवात केली, आणि आज आपल्या महानगरांत मिळणारा बहुतेक सॅल्मन अशा मत्स्यशेतीतूनच येतो.

थंड पाण्याचा हा तपशील स्वयंपाकाच्या दृष्टीने निर्णायक आहे. चार-पाच अंशांच्या पाण्यात जगायचे तर शरीरातील स्निग्ध पदार्थ त्या तापमानाला गोठून चालत नाही. प्राणिज चरबीतील स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळते. माशाच्या तेलातील डीएचए हे ओमेगा-३ आम्ल मात्र उणे ४४ अंशांच्या आसपासही द्रव राहते, कारण त्याच्या रेणूसाखळीत सहा ठिकाणी दुहेरी बंध असतात, साखळी तेथे वाकते आणि वाकलेल्या साखळ्यांना एकमेकींना चिकटून स्फटिक बनवता येत नाही. प्रथिनांचेही तसेच. सॅल्मनच्या स्नायूंतील मायोसिन हे प्रथिन ४० अंशांच्या आसपासच उलगडू लागते. झाशीत मे महिन्यात सावलीतला पारा ४५ ओलांडतो. म्हणजे हा मासा आमच्या गच्चीवर नुसता ठेवला, तरी त्याची प्रथिने बदलू लागतील. आईला हे सांगितले तेव्हा ती कित्येक दिवसांनी हसली. "म्हणजे गॅस वाचला," ती म्हणाली.

दिल्लीहून झाशीपर्यंत तो मासा गोठलेला आणणे हे पहिले गणित होते. ताईकडे थर्मोकोलची पेटी होती: भिंतीची जाडी तीन सेंटिमीटर, एकूण पृष्ठफळ सुमारे ०.४ चौरस मीटर. बाहेर ४५ अंश आणि आत शून्य धरले, तर अशा पेटीत भिंतींतून सुमारे २१ वॅट उष्णता शिरते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. भागाकार केला की तासाला सव्वादोनशे ग्रॅम बर्फ खर्ची पडणार असे दिसते. गतिमान एक्स्प्रेस निजामुद्दीनहून झाशीला साडेचार तासांत येते. दोन्ही टोकांचा घर ते स्थानक प्रवास धरून सहा तास, म्हणजे दीड किलोपेक्षा थोडा कमी बर्फ. डब्यातील गारवा हिशेबात न घेता मी ताईला दोन किलो सांगितला. पेटी प्रेम नगरात उघडली तेव्हा आत बर्फ शिल्लक होता आणि मासा दगडासारखा टणक होता.

आता मूळ प्रश्न. हॉटेलातले आचारी सॅल्मन आतून ५० ते ५२ अंशांवरच काढतात. तेव्हा तो रेशमासारखा मऊ असतो. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती उपचारांनी खालावली आहे, त्याच्यासाठी हा मार्ग बंद आहे. लिस्टेरियासारखे जिवाणू शीतकपाटातल्या थंडीतही वाढतात. त्यांना मारण्याचे काम उष्णतेनेच करावे लागते. माशाच्या मध्याचे तापमान ६३ अंश सेल्सिअस व्हावे, असे अमेरिकेतील अन्नसुरक्षा यंत्रणा सांगतात, आणि आम्ही तोच आकडा धरला. अडचण अशी की साठीच्या पुढे ॲक्टिन हे दुसरे प्रथिनही आवळू लागते, पाणी पिळून बाहेर पडते, आणि मासा भुशासारखा कोरडा होतो. आईच्या कोरड्या तोंडाला असा घास उतरला नसता. म्हणून आमच्यासाठी ६३ हा आकडा एकाच वेळी किमानही होता आणि कमालही.

पाककृतींत 'पंधरा मिनिटे भाजा' असे लिहिलेले असते. मिनिटे हा निसर्गनियम नव्हे. उष्णता पदार्थाच्या पृष्ठभागावरून आत झिरपते, आणि झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माशाच्या मांसाची उष्णता-विसरणक्षमता सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर असते. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याचा मध्य पृष्ठभागापासून साडेबारा मिलिमीटरवर. साडेबाराचा वर्ग भागिले ०.१४, म्हणजे सुमारे ११०० सेकंद, अठरा-एकोणीस मिनिटे. हा अंदाजाचा आकडा आहे, नेमका नव्हे. पण त्यातून जे कळते ते नेमके आहे. जाडी निम्मी झाली की वेळ चौथाईवर येतो. शेपटीकडचा निमुळता भाग म्हणूनच नेहमी करपतो. उपाय साधा आहे: तो पातळ भाग खाली दुमडून घ्यावा, की सगळा तुकडा एकाच जाडीचा होतो.

आमची छोटी विजेची भट्टी तबकडीवर २०० दाखवते, आत मात्र तापमान वर-खाली झुलत राहते. त्यामुळे मी घड्याळ बाजूला ठेवले आणि माशाच्या मध्यात आडवी तापमापकाची सळई खुपसली. आकडे वाचण्याचे काम बाबांनी आपणहून घेतले. कारखान्यात त्यांनी तापलेली बेअरिंगे हाताने ओळखली होती. आकडा दिसणारे यंत्र त्यांना थोडे चैनीचे वाटत होते. तरीही दर मिनिटाला ते खणखणीत आवाजात तापमान सांगत आणि मी ते वहीत लिहीत असे. पहिल्या दिवसाचा आलेख अजून माझ्याकडे आहे. आरंभी तो बराच वेळ जवळजवळ सपाट आहे, कारण उष्णता मध्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. मग तो एकदम चढू लागतो. सोळाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, "साठ." तेव्हा मासा बाहेर काढला. बाहेरचा तप्त थर आतल्या भागाला उष्णता देतच राहतो. ताटलीवर स्वस्थ पडल्या पडल्या मध्य ६३ वर गेला आणि तेथेच रेंगाळला.

आत असे जमले, तर बाहेरचे काय? जपानी भाषेत 'तेरी' म्हणजे तकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणे. तेरियाकी म्हणजे तकाकी येईल असे भाजणे. सोया सॉस आणि साखर यांचा दाट लेप हे तिचे रहस्य. सोया सॉस हा बुरशी व जिवाणू यांनी महिनोन्‌महिने आंबवलेला पदार्थ. सोयाबीनची प्रथिने त्यात तुटतात आणि ग्लुटामेट मोकळे होते. या ग्लुटामेटची चव गोड, आंबट, खारट, कडू यांहून वेगळी आहे, हे १९०८ साली टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या कढणातून ते वेगळे काढून दाखवले आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिले. आईच्या जिभेला मीठ बेचव आणि पाणी लोखंडी लागत होते, पण गोड आणि उमामी या दोन चवी अजून तिच्यापर्यंत पोहोचत होत्या. लेपाचा विचार तेथून सुरू झाला.

तपकिरी रंग आणि भाजल्याचा सुगंध ही मायार अभिक्रियेची देणगी. फ्रेंच वैद्यक व रसायनज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली अमिनो आम्ले आणि शर्करा एकत्र तापवून तिचे वर्णन केले. ही अभिक्रिया ओल्या पृष्ठभागावर जोर धरत नाही, कारण पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढे सरकत नाही. एक ग्रॅम पाणी उडवायला सुमारे २२६० ज्यूल लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत पंधरा ग्रॅम मासा ४० अंशांनी तापतो. पातळ लेप लावून मासा भट्टीत घातला, तर लेप सुकेपर्यंत आतला मासा कोरडा होऊन बसेल. म्हणून पाणी आधीच, छोट्या पातेल्यात, गॅसवर उडवायचे. लेप चमच्याला चिकटून राहील इतका आटवायचा, आणि मासा अर्धा शिजल्यावरच लावायचा. साखरेऐवजी मी गूळ घेतला. साखरेतला सुक्रोज जसाच्या तसा या अभिक्रियेत भाग घेत नाही. गुळात थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळेच असतात, त्यामुळे रंग लवकर धरतो. आणि आपल्याला वेळच तर वाचवायचा आहे.

राहिला वास. समुद्रातील मासे खाऱ्या पाण्याचा परासरणी ताण सोसण्यासाठी स्नायूंत ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड साठवतात. त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमेथिलअमाइन करतात, आणि तो आपल्या ओळखीचा हिमसा वास. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. आम्ल भेटले की त्याचा क्षार बनतो, क्षार हवेत उडत नाही, आणि न उडणारे नाकापर्यंत येत नाही. नदी-तळ्यातल्या माशांचा मातकट वास निराळा. तो जिओस्मिनचा, म्हणजे पहिल्या पावसाच्या मृद्गंधात असणाऱ्या द्रव्याचाच. त्यालाही आम्ल मोडते. जपानी कृतींत यासाठी तांदळाचा सिरका येतो. तो झाशीत मिळाला नाही, म्हणून मी लिंबू कापत होतो. आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, लिंबू कशाला? फडताळात आगळ आहे की."

मामाने पाठवलेल्या कोकमाच्या आगळाची बाटली खरोखरच तेथे होती. कोकणात चिंच, कोकम किंवा कैरीशिवाय माशाची आमटी होत नाही, आणि त्यामागचे रसायन आईच्या आजीने प्रयोगशाळेशिवाय वापरले होते. ताईने आणलेल्या पाकिटावर 'आशियाई चवीच्या लेपासाठी उत्तम' असे छापलेले होते. मालवणचे आगळ, बुंदेलखंडाचे तीळ आणि मिलचा गूळ-सोया हे सारे आशियातच येते, याची आठवण त्या क्षणी झाली.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी आमची रीत सांगतो. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात सॅल्मनचे १५० ग्रॅमचे चार तुकडे पंधरा मिनिटे ठेवावेत. त्यामुळे भाजताना पृष्ठभागावर येणारा प्रथिनांचा पांढरा साका कमी होतो. मग ते कोरडे टिपून घ्यावेत. तीन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, एक मोठा चमचा आगळ, तीन चमचे पाणी, एक लहान चमचा आल्याचा रस आणि ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या मंद आचेवर निम्म्यापर्यंत आटवाव्यात. सोया आणि आगळ दोन्ही खारट असतात, म्हणून वेगळे मीठ नको. रक्तदाब असलेल्यांनी मिठाच्या पाण्याची पायरी गाळावी आणि सोया निम्मा करावा. भट्टी २०० अंशांना आधी तापवून मासा त्वचेची बाजू खाली ठेवून आत सरकवावा. मध्य ४० अंशांवर आला की लेपाचा पहिला हात, ५० वर दुसरा. ६० वर बाहेर काढून तीन-चार मिनिटे थांबावे आणि ६३ दिसल्याशिवाय रुग्णाला वाढू नये. वरून भाजलेले तीळ.

पहिल्या दिवशी आईने ४० ग्रॅम खाल्ले. मी वजनकाट्यावर उरलेले मोजले म्हणून आकडा ठाऊक आहे. तिसऱ्या खेपेला ७० ग्रॅम, म्हणजे चौदा-पंधरा ग्रॅम प्रथिने एका बैठकीत. त्या आठवड्यात तेवढे दुसऱ्या कशानेही गेले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. सॅल्मनने कर्करोग बरा होत नाही. ओमेगा-३, हळद, काळे तांदूळ, अमुक फळ यांनी रोग पळाल्याचे संदेश आम्हांलाही रोज येत होते, आणि त्यांपैकी कित्येकांच्या माथ्यावर 'संशोधनाने सिद्ध' असे लिहिलेले होते. आईला बरे केले ते तिच्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि औषधांनी. माशाने एवढेच केले, की उपचार सोसायला लागणारे बळ काही दिवस तिच्या ताटातून तिच्यात गेले. ते लहान काम नव्हते, पण तेवढेच होते. रुग्णाने काय खावे हे त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सॅल्मन महाग आहे, दुरून येतो, आणि त्यावाचून काही अडत नाही. बांगडा आणि तारली या आपल्या किनाऱ्यावरच्या स्वस्त माशांतही ओमेगा-३ भरपूर असते. कारण ते मासे तयार करतच नाहीत, ते समुद्रातील सूक्ष्म शेवाळांकडून अन्नसाखळीतून येते. सॅल्मनच्याच कुळातला ट्राउट हिमाचल आणि काश्मीरमध्ये पाळला जातो, आणि उत्तराखंडात भीमताल येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था अशा थंड पाण्यातील माशांवरच संशोधन करते. रावसाचे जाड तुकडेही या रीतीने उत्तम होतात. मासा कोणताही घ्या. जाडी मोजा, मध्याचे तापमान पाहा, लेप आधी आटवा आणि शेवटी लावा.

आईचे उपचार सप्टेंबरमध्ये संपले. लोखंडाची चव डिसेंबरात गेली. गेल्या आठवड्यात मी झाशीला फोन केला तेव्हा बाबांनी तो उचलला. मागे तव्यावर काहीतरी चरचरत होते आणि आई कोणाला तरी मोठ्याने सांगत होती की बांगडा उलटायची घाई करू नका. सॅल्मन पाठवू का, असे विचारले. बाबा म्हणाले, "नको. ती म्हणते, तिरफळं संपली आहेत, ती पाठव."